तलावातले भाऊबंद

दिगूच्या मरणाची बातमी मला कुणी सांगितली नाही. ती मीच घेऊन गेले. पोलीस पंचनामा करत होते, तेव्हा कुणीतरी म्हणालं, आईला तुम्हीच जाऊन सांगा, आणि मला बसमध्ये बसवून दिलं. आमच्या गावाहून, खैरलांजीहून, बालाघाटला येणारी ती बस नेहमीसारखीच पोती, कोंबड्या आणि माणसांनी भरलेली होती. माझ्या पातळावर भावाचं रक्त होतं. कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही, शेजारच्या बाईनं आपलं लुगडं आवरून घेतलं, आणि मी सगळा रस्ता एक वाक्य जुळवत बसले. उभा जन्म मुलींना निबंध लिहायला शिकवण्यात गेला, पण ते एक वाक्य काही जुळेना. घरी पोचले तेव्हा आई अंगणात अंबाडीची भाजी निवडत होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पातळाकडे पाहिलं. "दिगू?" एवढंच म्हणाली. मी मान हलवली. "कोनं मारलं?" सुकदेवनं, मी म्हटलं, कुऱ्हाडीनं. त्यावर तिनं जे विचारलं ते आजपर्यंत दुसऱ्या कुणीही विचारलेलं नाही, पोलिसांनीसुद्धा नाही. ती म्हणाली, "पहिले हात कोनं उचलला?"

मी तिच्या पुढ्यातली भाजी निवडायला घेतली, आणि ती समजली. पोटचा गोळा होता, तिला नाही तर कुणाला कळणार! रडायच्या आधी तिनं मला बजावलं, "हे कोनापाशी बोलू नको. कोर्टात तर नाईच नाई." मग ती रडली. त्या वेळी तलावावर आम्हा तिघांशिवाय चौथं माणूस नव्हतं. दिगूनं आधी मारलं असं मी म्हटलं तर सुकदेव फासावर जाणार नाही, आणि म्हटलं नाही तर बहुतेक जाईल, एवढं कळायला वकील व्हावं लागत नाही. चुलतभावाचा जीव माझ्या जिभेवर आला होता, आणि आईनं त्या जिभेला कुलूप घातलं होतं. हे सगळं लिहू नका असं वकील सांगून गेले आहेत. वकिलांचं ऐकायचं माझं वय राहिलेलं नाही.

कॉलेजातल्या शोकसभेत एकानं दिगूला मनमिळाऊ म्हटलं, दुसऱ्यानं शांत स्वभावाचे म्हटलं. मला तशा दुःखातही हसू फुटलं. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक दिगंबर लांजेवार शांत! आमच्याकडे त्याला जमदग्नी म्हणत, आणि लग्न झालं नाही याचं कारणही तेच होतं. मुलगी पाहायला गेलो असता मुलीच्या मामानं बालाघाटातल्या डासांवरून काहीतरी थट्टा केली, तर हा चहाची बशी भिंतीवर मारून उठून आला. एकदा एका मुलानं प्रयोगशाळेत काचपट्टी फोडली आणि फोडली नाही म्हणाला. दिगूनं त्याच्या कानफटात अशी ठेवून दिली की पोराच्या कानातून रक्त आलं. मुलांनी संप केला. प्राचार्यांनी माफी मागायला लावली, तर यानं कॉलेजच्या व्हरांड्यात उभं राहून, सगळ्यांसमोर, खड्या आवाजात माफी मागितली, आणि त्याच दमात म्हणाला, आता वर्गात चला, गांडूळ राहिलाय. त्या पोराच्या कानाला पुढे कमीच ऐकू यायचं. ही गोष्ट शोकसभेत कुणी काढली नाही. मी काढते, कारण माझ्या भावाला साखरेत घोळवून वाढलेलं मला चालणार नाही.

सुकदेव माझ्या काकांचा मुलगा. तो आणि दिगू एकाच पावसाळ्यातले. दिगूच्या वेळी आईला ज्वर भरला आणि दूध आटलं, म्हणून काकीनं दोघांनाही पाजलं, एक उजवीकडे, एक डावीकडे. काकी सांगायची की ते तिथेही एकमेकांना लाथा मारत. पुढे दिगूनं भोवरा मारून सुकदेवचा समोरचा दात पाडला, सुकदेवनं दिगूचं डोकं बैलांच्या डोणीत दाबून धरलं, आणि आईनं दोघांना एकाच काठीनं फोडून एकाच ताटात जेवायला बसवलं. तेव्हा आमच्या घराकडे मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करायचा हक्क, होती आणि गावचा तलावही घरचाच होता. मग मालगुजारी गेली, पोटातल्या गाठीनं बाबा गेले, आणि वर्षभरात दोन चुली झाल्या. वाटणीत उखळ कुणाचं यावरून माझी आई आणि काकी एकमेकींच्या झिंज्या धरून अंगणात लोळल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दिगू नागपूरला शिकायला गेला, सुकदेव धानाच्या बांध्यांत राहिला. छप्पन साली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तशी बालाघाटातली पुष्कळ मराठी घरं नागपूरकडे सरकली. दिगूलाही तिथे नोकरी मिळत होती. तो गेला नाही. नागपूरला तलाव नाहीत का, असं मी विचारलं तर म्हणाला, आहेत, पण आपले नाहीत.

त्या तलावात त्याचं काय अडकलं होतं हे मला एका रविवारी सकाळी कळलं. खिडकीत उन्हाला सूक्ष्मदर्शक लावून तो बसला होता. ये पाहायला, म्हणाला. मला माझ्याच पापण्यांखेरीज काही दिसेना. त्यानं माझी मान मागून धरली आणि डोळा भिंगावर दाबला, इतका की डोळ्याभोवती वळ उठला. मग दिसलं. एक ठिपका, त्याच्या डोक्यावर पेरणीच्या चाड्यासारखी पसरट तोंडाची नाजूक गळपट्टी, आणि गळपट्टीच्या मधोमध चाबकासारखा एक तंतू, सारखा फटके मारणारा. तंतू पाणी मागे फेकतो, पाण्यातले जंतू गळपट्टीवर येऊन अडकतात आणि हा ठिपका ते गिळतो. हात नाही, पाय नाही, डोळा नाही, सबंध जीव एका पेशीचा. "याच्याकडे नीट पाय, ताई," दिगू म्हणाला. "हा आपला भाऊबंद हाये." झाडं वेगळ्या घराण्यातली, बुरशी वेगळ्या घराण्यातली, पण वाघ, मासा, गांडूळ, तू, मी, हे सगळे एका घराण्यातले, आणि या घराण्याच्या अगदी जवळचा, वाटणी होऊन एकटा राहिलेला चुलता म्हणजे हा, असं त्यानं मला समजावलं. मी म्हटलं, चुलत्याचं दर्शन झालं, आता मान सोड.

एकटे राहणारे जीव एकत्र का आले असतील, हा त्याचा ध्यास होता. जेवताना, बसमध्ये, न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना, कुठेही सुरू व्हायचा. यातले काही गळपट्टीवाले एकाच देठावर गुच्छ करून राहतात, तेही त्यानं मला दाखवलं. एका पेशीच्या दोन होतात, पण दोघी वेगळ्या होत नाहीत, चिकटून राहतात. मला ते पाहून बरं वाटलं आणि मी तसं बोलून दाखवलं, तर तो उखडला. यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही, म्हणाला. एक तर भूक, कारण चार चाबकांनी पाणी जास्त ओढता येतं. नाहीतर भीती, कारण चौघं चिकटले की मोठ्याच्या तोंडात मावत नाहीत. त्याचं म्हणणं असं की शरीर म्हणजे एकमेकांना खाऊ शकणाऱ्यांनी रोज आवरून धरलेला हात. प्रत्येक पेशीला वाढायचं असतं, पसरायचं असतं, आणि ती थांबते म्हणून आपण जगतो. एखादी थांबली नाही तर त्याला आपण गाठ म्हणतो. हे बोलून तो उठून गेला होता, कारण आम्हा दोघांनाही बाबा आठवले होते.

आमच्या तलावात स्पंज आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल. तो समुद्रातल्यासारखा मोठा नसतो. बुडालेल्या लाकडावर आणि दगडावर हिरवट किंवा तपकिरी लिंपण दिल्यासारखा पसरतो, आणि हात लागला की खाजवून खाजवून जीव जातो, म्हणून मासे धरणारे ढिवर त्याच्या वाटेला जात नाहीत. दिगू मात्र तो खरवडून आणायचा. स्पंजाच्या आत ज्या पेशी पाणी ओढतात त्या हुबेहूब त्या एकट्या गळपट्टीवाल्यासारख्या असतात, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. एका दिवाळीत गावी गेलो असताना त्यानं ओसरीवर सुकदेवला बसवून तमाशा दाखवला. जुन्या धोतराच्या फडक्यात जिवंत स्पंज घालून त्यानं तो पिळला. दात खाऊन, मनगटाच्या शिरा फुगेपर्यंत पिळला. खालच्या काचेच्या वाडग्यात नुसतं गढूळ पाणी उतरलं. शरीर असं काही उरलंच नाही, सुटी पेशी न् पेशी. मला ते पाहवेना. दुसऱ्या दिवशी वाडग्याच्या तळाशी बारीक बारीक गोळे झाले होते, आणि काही दिवसांनी ते गोळे पुन्हा स्पंज होऊन पाणी ओढायला लागले. सुकदेव कितीतरी वेळ वाडग्यावर वाकून होता. मग म्हणाला, "आपल्या घराले पिळलं, तवा असे कोनी जमले नाई." दिगूनं त्याला दुसरा वाडगा दाखवला. त्यात हिरवा आणि तपकिरी असे दोन्ही स्पंज एकत्र पिळले होते, आणि आता हिरव्याचे गोळे वेगळे होते, तपकिरीचे वेगळे. आपापले ओळखतात, दिगू म्हणाला. सुकदेव हसला, पडलेल्या दाताच्या जागी जीभ लावून. "मंग आपुन कोनत्या रंगाचे, भाऊ?" दिगूनं दोन्ही वाडगे उचलून आत नेले.

आता त्या ठोकळ्याविषयी सांगायला हवं. तलावाचं पाणी सोडायच्या दाराला आमच्याकडे तुडूम म्हणतात. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटातून एक दगडी नाळ जाते, आणि तिच्या तोंडात सागाचा ठोकळा ठोकून बसवलेला असतो. दर वर्षी पहिल्यांदा तुडूम उघडताना थोरल्या घरच्या पुरुषानं नारळ फोडून ठोकळ्याला हात लावायचा, त्याशिवाय कुणी पाणी घ्यायचं नाही, ही गावची रीत. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, पण रीत राहिली. थोरलं घर आमचं, म्हणून दिगू. यंदा भादव्यात पाऊस जो गेला तो आलाच नाही. धान गर्भात आलं होतं. त्या दिवसांत आठ दिवस पाणी नसलं तर लोंबी पोचट निघते आणि वर्ष हातचं जातं. सुकदेवचे दोन निरोप आले. दिगू दसऱ्याच्या सुट्टीत निघाला, मीही बरोबर गेले. पाण्यात उतरून त्यानं तो ठोकळा चाचपला आणि वेडाच झाला. एकाच ठोकळ्यावर हिरवा आणि तपकिरी स्पंज अंगाला अंग भिडवून वाढत होते, आणि दोघांमधली रेघ हलत होती. कोण कुणावर चढतो ते त्याला पाहायचं होतं. त्यानं दोन्ही बाजूंना टाचण्या टोचल्या आणि सुकदेवला सांगितलं की सोमवारी उघडू. त्या दिवशी शनिवार होता. सुकदेव म्हणाला, "भाऊ, धान गर्भात हाये. सोमवारपावतर काय उरन?" दिगू म्हणाला, दोन दिवसांनी कोणी मरत नाही.

सुकदेवनं जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पाण्याची पहिली पाळी त्याच्या बांध्यांची, आमच्या जमिनी खाली. वाटणीचा दंश काढायला थोरल्या घरानं रीत पुढे केली, असं त्याला वाटलं, आणि गावात दुसऱ्या कुणालाही तेच वाटलं असतं. एका लिंपणासाठी कुणी धान वाळवतं का? दिगूला हे समजावून सांगता आलं असतं. त्याच्या तोंडी शब्दांचा तोटा नव्हता. पण आपण काय करतो हे भावानं आपोआप ओळखावं असा त्याचा हट्ट, आणि ओळखलं नाही की राग.

रविवारी सकाळी मी पाळीवर काचेच्या बरण्या घेऊन उभी होते. दिगू छातीभर पाण्यात, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात पहार, चिखलात रोवून आधाराला धरलेली. सुकदेव कुऱ्हाड घेऊन आला. ती दिगूसाठी नव्हती, हे मी ठासून सांगते. फुगून बसलेला ठोकळा कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्यामागच्या बोथट बाजूनं, ठोकूनच सैल करतात. तो एक शब्द न बोलता पाण्यात उतरला आणि त्यानं तुंबा ठोकळ्यावर हाणला. स्पंजाचा चेंदा झाला. पाण्यात हिरवं-तपकिरी गढूळ उठलं. त्यानं दुसऱ्यांदा हाणला. दिगूच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. त्यानं पहार उपसली आणि सुकदेवच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचं मला पाळीवर ऐकू आलं. सुकदेवचा डावा हात लोंबायला लागला. दिगूनं पहार पुन्हा उचलली, या वेळी डोक्यावर, आणि मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. सुकदेवनं उजव्या हातानं कुऱ्हाड फिरवली. आता तुंबा नाही, पातं. ते मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये बसलं आणि तिथेच राहिलं. पाणी क्षणात लाल झालं.

मग सुकदेवनंच त्याला एका हातानं ओढत काठाला आणलं. "ताई, धर त्याले, धर ना," असं म्हणत राहिला, आणि दातांनी आपलं धोतर फाडून त्या जखमेत कोंबत राहिला. ते भिजायचं, तो दुसरं कोंबायचा. दिगूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तोंडात रक्त भरलं होतं, बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडे होते, आणि त्यानं सुकदेवच्या सदऱ्याची गळपट्टी मुठीत पकडली होती. मारायला पकडली होती की धरायला, ते मला आजही सांगता येत नाही. ती मूठ आम्हाला नंतर सोडवावी लागली. झटापटीत ठोकळा निघाला होता. पाणी गर्जत नाळेतून सुटलं होतं आणि खाली नहराला लागून सुकदेवच्या बांध्यांत चाललं होतं. ते बंद करायला कुणी उठलं नाही. यंदा त्याचं धान चांगलं पिकलंय म्हणतात.

त्यानंतर आमच्या घरी माणसांची रीघ लागली. प्रत्येक जण मी काय पाहिलं ते मला सांगत होता. आमच्या बाजूचे सांगत की मास्तर रिकाम्या हातानं पाण्यात उभे होते आणि त्यानं मागून वार केला. सुकदेवच्या बाजूचे सांगत की मास्तरांचा पाय घसरला आणि ते कुऱ्हाडीवर पडले. पहारीचं नाव कुणी घेईना, कारण पहार चिखलात गेली होती आणि ती होती हे कुणाला माहीतच नव्हतं. नवल याचं की सुकदेवनंही ती सांगितली नाही. ठाण्यात त्यानं एवढंच लिहून दिलं की मारलं मी. खांद्याचं हाड कसं मोडलं असं विचारलं तर पडलो म्हणाला. हे ऐकल्यावर मला त्याचा इतका संताप आला की समोर असता तर मीच मारलं असतं. भावाला मारलंस ते मारलंस, वर त्याची अब्रू झाकायला निघालास? तू फासावर जाणार आणि उरलेलं आयुष्य मी गप्प बसून काढायचं, ही कसली वाटणी! तो फासावर गेलेला मला हवा होता, हेही खोटं नाही. कितीतरी सकाळी मी तशीच इच्छा करत उठले आहे.

दिगूच्या वर्गात एक नियम होता. भिंगाखाली जे दिसेल ते काढायचं. पुस्तकातलं सुबक चित्र कुणी उतरवलं तर तो कागद फाडून त्याच्या अंगावर फेकायचा. वाकडं दिसलं तर वाकडं काढ, म्हणायचा. मी त्याची मोठी बहीण. त्याच्या शिस्तीला मी का भ्यावं, असं स्वतःला पुष्कळ विचारून पाहिलं...

गेल्या आठवड्यात माझी साक्ष झाली. आईला मी सांगून गेले नव्हते, पण तिनं मला पातळ बदलताना पाहिलं होतं आणि दाराशी उभी राहून म्हणाली होती, ध्यानात ठेव. पिंजऱ्यात सुकदेव उभा होता, हात गळ्यात बांधलेला, मान खाली. मागच्या बाकावर काकी एकटीच होती. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीनं वार केला तो तुम्ही पाहिला का? पाहिला, मी म्हटलं. आणि त्यांनी पुढचं विचारायच्या आत म्हटलं, "पण पहिला वार माझ्या भावाचा. पहारीचा. दुसराही तोच घालणार होता. पहार तुडुमाच्या डाव्या अंगाला चिखलात आहे, काढून पाहा." न्यायालयात कुणीसं खोकलं. सुकदेवनं मान वर केली आणि पिंजऱ्याच्या गजावर कपाळ आपटायला लागला, शिपायानं धरेपर्यंत आपटत राहिला. मी खाली उतरले तेव्हा दिगूला मी दुसऱ्यांदा मारून आले असं वाटत होतं. अजूनही वाटतं.

माझ्या आधी बातमी घरी पोचली होती. आई उंबऱ्यात उभी होती. मी चपला काढायला वाकले, सरळ झाले, आणि तिनं माझ्या थोबाडीत दिली. पाठीचा कणा वाकलेली, सत्तरीची बाई. माझा चष्मा उडून अंगणात पडला, गालाच्या आतून दात लागला. डोळ्यापुढे अंधारी आली आणि त्या अंधारात मला दिगू अगदी जवळ आल्यासारखा वाटला, कारण हा हात त्याचाच होता. बोटं जुळवलेला, मनगटातून आलेला, ओठ हलायच्या आधी पडणारा. तो हात कुठून आला होता हे मी इतकी वर्षं एका घरात राहून कधी पाहिलंच नव्हतं. तोंडात रक्ताची चव घेऊन मी तशीच उभी राहिले. आई धापा टाकत होती.

"सुकदेवची माय आलती?" तिनं विचारलं.

आली होती, मी म्हटलं. मागे बसली होती, एकटीच.

"जेवून आलती का ते?"

मी विचारलं नव्हतं. तसं सांगितलं.

"काहून नाई इचारलं?" आई म्हणाली, आणि तिचा हात पुन्हा वर गेला.